चमचा वाकला तेव्हा तू कुठं पाहून राहिली होती

शेवटचं आपण दोघांनी मिळून काय केलं, तं तुरीच्या शेंगा सोलल्या. मी खाली पेपर अंथरून बसलो होतो अन् तू खाटेवर, सुजलेले पाय लोंबकळत सोडून. डॉक्टरनं तुले काम करू नका म्हून सांगतलं होतं, पण शेंगा सोलणं तू कामात धरतच नव्हती. किडका दाणा निघाला का तू तो माह्या अंगावर फेकत होती. मुद्दाम.

"निवडून टाका ना नीट. डोळे फुटले का?"

"तो तुह्या ढिगातला आहे."

"हो बाप्पा, तुमच्या ढिगात कधी किडकं निघते का."

दाणे परातीत झाले, मंग मी चहा केला. साखर हलवलेला चमचा कपातच होता. तो मी काढला, धोतराले पुसला, अन् तुह्या तोंडाकडं पाह्यत हळूहळू वाकवला. रोज करत होतो तसाच. तू पाह्यलं अन् म्हणली, "नाई दिसलं."

"काय म्हटलं?"

"नाई दिसलं म्हटलं. जमलं तुम्हाले." अन् कप उचलून तोंडाले लावला.

सकाळी मी उठवाले गेलो तं तू उठली नाई.

इंदू, मले तुह्यावर राग आहे. लोक म्हणतात, रडा, मोकळे व्हा. मी रडू कसा, मी अजून भांडूनच राहिलो.

दिलीपनं पेपरात तुहा फोटो टाकला. पोरगा आहे, मायसाठी करतो म्हटलं, करू देल्लं. फोटोखाली छापलं, प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या. शेजारची शोभा तो पेपर घेऊन आली अन् माह्याकडं पाहून राहिली, तिले हसावं का रडावं समजत नव्हतं. शांत म्हणे. तू शांत असती तं मी हे लिहाले बसलोच नसतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, हाटेलात ऑर्डर लिहून लिहून जेवढं अक्षर हातात राह्यलं तेवढंच आहे. पण त्या फोटोखालचं वाचून मले राह्यवलं नाई. तू कोणाशी जमवून घेत नव्हती. माह्याशी तं नाईच नाई. म्हातारपणी तुह्या तोंडून मी एकच शब्द आयकत आलो, दिसलं. हा शब्द कुठून आला ते सांगतो, नाई तं वाचणाऱ्याले वाटन म्हातारा भ्रमला.

मी वेटर होतो. उमरेड रोडवरच्या एकाच हाटेलात जवानी गेली, म्हातारपणबी तिथंच आलं. काका, रोटी आणा. काका, रस्सा गरम करा. काका, अजून किती वेळ, इथंच झोपू का आम्ही. गुडघे गेले तेव्हा शेठनं मले बसाले खुर्ची देल्ली, अन् मंग खुर्चीवर बसलेला म्हातारा त्याच्याच डोळ्यात खुपू लागला. हाटेल त्यानं नवीन केलं होतं. काचेचा दरवाजा, बोर्डावर फॅमिली रेस्टॉरंट, पोरं काळ्या शर्टात.

तिथं रविवारी कामठीचे सलीमभाई येत होते. टेबलाटेबलावर जाऊन चमचे वाकवत. गिऱ्हाइकानं ऑर्डर देल्ली अन् भाजी यायची राह्यली, त्या मधल्या वेळाचा हा धंदा आहे. लोक चमच्याकडं पाह्यतात, भूक विसरतात, वेटरले शिव्या द्यायच्या विसरतात. जिंदगीभर ज्या वेळात मी शिव्या खाल्ल्या त्याच वेळात सलीमभाई टाळ्या घेत होते. मले पह्यले त्यायचा लय राग येत होता.

मंग त्यायच्या बोटात कंप आला. शेठले म्हणाले, "अब नहीं होता सेठ, किसी को सिखा के जाता हूँ." काळ्या शर्टातल्या पोरायले शिकवून पाह्यलं. एकाचंबी मन लागलं नाई, सगळ्यायची मुंडी मोबाईलात. तेव्हा शेठची नजर माह्या खुर्चीवर पडली.

"काका, तुम्ही शिकता का? नाई तं..."

नाई तंच्या पुढं काय ते मले समजलं.

दुपारचं जेवण आटोपलं का हाटेल रिकामं राह्यते. त्या वेळात सलीमभाई मले कोपऱ्यातल्या टेबलावर घेऊन बसत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चचा, चम्मच मंतर से नहीं मुड़ता. हाथ से मुड़ता है. बस हाथ दिखना नहीं चाहिए." जाड चमचा घ्यायचा नाई, हाटेलातला पातळ घ्यायचा. चमच्याची मान नाजूक राह्यते, तिथंच अंगठ्याचा जोर द्यायचा. अन् खरं काम आधीच करून टाकायचं. लोक पाहू लागतात तोवर चमचा वाकून झालेला असते, तुम्ही फक्त तो बोटातून हळूहळू बाहेर काढता. दुसरा प्रकार असा का, चमचा घरी वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. मान ढिली होऊन जाते. मंग तो टेबलावर नुसता बोटानं हलवला तरी लोण्यासारखा लवते.

हे सगळं जमलं असतं. नजरेचं जमंना.

"गिराक वहीच देखता जहाँ तुम देखते," सलीमभाई म्हणत. "तुम चम्मच को घूरोगे तो वो भी घूरेगा. उसका मुँह देखो चचा, मुँह."

आता मी वेटर माणूस. आम्हाले शिकवलं होतं का गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहू नये, ताटाकडं पाहावं. ताटात काय संपलं ते मले पाठीमागूनबी दिसत होतं, पण समोर कोण बसलं ते मी कधी पाह्यलंच नाई. सलीमभाई माह्या मुंडीले धरून वर करत अन् माही नजर पुन्हा घसरून चमच्यावर. शेवटी थकून म्हणाले, "घर पे चाची के सामने करो. चाची का मुँह देखते देखते."

मी घरी येऊन तुले म्हटलं, "बस समोर."

"काहून?"

"तोंड पाह्याचं आहे तुह्यं."

"आता? आता काय राह्यलं त्यात?"

तरी बसली. पदर सारखा केला, कपाळाचा घाम पुसला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाबी मी तुह्याकडं नीट पाह्यलं नव्हतं. खाप्याचे, तुह्या माहेरचे मामे लोक समोर छाती काढून उभे होते, मले भेव वाटलं होतं. त्याच्यानंतर संसारात कोण कोणाचं तोंड पाह्यते. त्या दिवशी मले पहिल्यांदा दिसलं का तुह्या डाव्या भुवईत मधातच केस नाईत.

"हे काय झालं?"

"लहानपणी चुलीवर पडली होती. तुम्ही आत्ता पाह्यलं?"

तुले राग आला का हसू आलं ते मले ओळखता आलं नाई. तेवढ्यात मी चमचा वाकवला.

"दिसलं," तू म्हणली.

मंग रोज तेच. हात बदलला, दिसलं. उभ्यानं केलं, दिसलं. तू खिचडीले फोडणी देऊन राहिली असताना बाजूनं केलं, वळूनबी न पाह्यता दिसलं. मी म्हटलं, पाठीले डोळे आहेत का वं? तर म्हणे, तुमच्या पाठीमागं एवढी वर्षं चालली तं फुटले.

हाटेलात पहिल्या रविवारी मी डरत डरत एका टेबलावर गेलो. चमचा लवला अन् तिथल्या बाया किंचाळल्या, बाजूच्या टेबलाचे लोक उठून आले. मी घरी आलो तो छाती फुगवूनच. तुले सांगतलं, पुरं हाटेल फसलं. तू भाकरी थापून राहिली होती.

"फसलं असन. त्यायले तुमचं तोंड माहीत नाई."

"तोंडाचा काय संबंध?"

"खोटं करता तेव्हा तुमचं इथलं हाड हालते." तू पिठाचं बोट माह्या जबड्याच्या कोपऱ्याले लावलं. "मी हात कधी पाह्यलेच नाई. हात तं तुमचे चलाख आहेत."

असं होतं ते. पुऱ्या नागपूरले फसवलं तरी चालन, पण घरात एक माणूस असा आहे का त्याच्यापुढं माहं काही लपत नाई. मले तेव्हा याचा जाच वाटला. रोज सकाळी दाढी करताना मी जबडा दाबून पाहू लागलो.

बोलणंबी तुनंच शिकवलं. सलीमभाई टेबलावर शेर म्हणत होते, मले कुठले शेर. तू म्हणली, "घरी बोलता तसंच बोला. लोकायले तो तमाशा वाटन, मी रोज फुकट आयकते." म्हून मी टेबलावर जाऊन चमच्यालेच दटावू लागलो. काय गा, भाजीले उशीर आहे, तू तरी कामाले लाग. वाक ना. कोणाचा जावई आहे का तू? लोक हसत, अन् हसणारा माणूस हाताकडं पाह्यत नाई. शेठ म्हणे, म्हाताऱ्यात गुण आहे. मी तुले सांगतलं, गुण तुहा आहे. तू म्हणली, "बरं. भांडे घासून द्या मंग."

घरातले सगळे चमचे माह्या सरावानं मानेत ढिले झाले होते. आपल्याले फरक पडत नव्हता, आपण हातानं जेवणारे. पण दिलीपचे सासरे आले तेव्हाचं तुले आठवते का? जाडजूड माणूस, तब्येतीचा गर्व, रोज सकाळी फिराले जातो हे दोनदा सांगणारा. तू पोहे केले अन् प्लेटीत चमचा ठेवला. मी डोळ्यानं खुणावून राहिलो होतो, तो नको, तो नको. तुह्या ध्यानात आलं नाई. व्याह्यांनी चमचा पोह्यात खुपसला, उचलला, अन् चमच्याचं तोंड पोह्यातच राह्यलं. नुसता दांडा हातात. मी सांगणारच होतो का माफ करा, हा माह्या सरावातला आहे.

तेवढ्यात तू म्हणली, "मायबाई. काय जोर आहे हातात."

व्याही लाल झाले, खुशीनं. जाईपर्यंत दंड चाचपून राहिले होते. आजबी ही गोष्ट सांगतात. परवा तुह्या तेरवीतबी सांगतली, जेवताना.

ते गेल्यावर मी तुले म्हटलं, "सरळ खोटं बोलली?"

"मंग काय सांगू, आमच्या घरचे चमचे मोडके आहेत?"

"हो. खरं तेच आहे."

"खरं घेऊन ते कुठं जाणार होते? हे घेऊन घरी तरी गेले."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, अन् ते मिटलंच नाई. बाकी भांडणं आपली झाली अन् गेली. मिठावरून झाली, दिलीपच्या लग्नावरून झाली, तुह्या गोळ्या घ्यायच्या वेळेवरून तं रोजच होती. हे एकच राह्यलं.

एका रविवारी हाटेलात एक बाई आली. भावासोबत होती, भावानं जबरदस्तीनं जेवाले आणलं होतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. मी चमचा वाकवला. ती उठली अन् सगळ्यायपुढं माह्या पायाले हात लावला. म्हणे, "बाबा, माह्या माणसाचा हात लकव्यानं गेला. तुमच्यानं लोखंड वाकते. त्याच्या हातावरून एकदा हात फिरवता का?"

मी म्हटलं, "बाई, काही शक्ती नाई माह्यात. हातसफाई आहे ही. हे पाहा." अन् तिच्यापुढं चमचा धरून सगळं उघडं करून दाखवलं, अंगठा कुठं, जोर कुठं. ती पाह्यत राह्यली. मंग म्हणली, "असं होय." भावाले म्हणली, चाल. ताट आलं तोवर दोघंबी निघून गेले होते.

शेठ मले बोलला, ते साहजिक होतं, त्याचा धंदा. पण मी घरी आलो ते तू माह्या बाजूनं बोलशीन या भरवशावर. तूच, जिच्यापुढं माहं हाड हालत होतं.

तू सगळं आयकून घेतलं अन् म्हणली, "तिले सांगाचं होतं, डॉक्टरकडं नेत जा, देव बरं करन. एवढं बोलून वाटंले लावाची. चमचा उघडून दाखवाची काय गरज होती?"

"खोट्या आशेवर ठेवू तिले?"

"एका जेवणापुरती ठेवली असती तं कोण मरत होतं? भुकी गेली ती."

"तू मले ठेवलं का कधी? एका जेवणापुरतं?"

तू ओट्यावर फडकं मारून राहिली होती. मारता मारताच म्हणली, "तुमची गोष्ट वेगळी. पाहुण्याले वाढून द्या लागते. घरचा माणूस चुलीवरच्या गंजातून आपल्या हातानं घेते."

मले ते उत्तर आवडलं होतं, इंदू. गंजातलं म्हणजे जसं असन तसं, करपलेलं तं करपलेलं. दिवसभर लोकायले वाढणाऱ्या माणसाले घरी कोणी वाढून दिलं नाई तरी चालते, पण तो घरचा आहे हे त्याले माहीत पाहिजे. तुह्या प्रत्येक दिसलंमध्ये ते होतं. मी तुले हे बोललो नाई. मी म्हटलं, "तुले काही समजत नाई," अन् लाईट बंद केला.

म्हून आता इचारतो. त्या सांजेले मले गंजातून घेऊ देल्लं का वाढून देल्लं?

सरळ सांग. मी एवढंच मागून राहिलो. चमचा वाकला तेव्हा तुले खरंच दिसलं नाई, का तुले समजलं होतं का आता आपण जातो, तं जाता जाता म्हाताऱ्याले काही गोड देऊन जाऊ? तसं असन तं तुनं मले परकं केलं. व्याह्याच्या पंगतीत बसवलं. जिंदगीभर खरं बोलली अन् शेवटच्या घासाले पाहुणा केलं.

मी सगळं आठवून पाह्यलं. लाईट लागलेला होता. चष्मा तुह्या नाकावर होता का नव्हता, हे मले आठवत नाई. शेंगा सोलताना होता, किडके दाणे तुले दिसत होते. चहाच्या वेळेले? नाई आठवत. ज्या माणसाले सलीमभाईनं तोंड पाह्याले शिकवलं त्याले बायकोच्या नाकावर चष्मा होता का ते आठवत नाई. नंतर तो फ्रिजवर सापडला. पण तोवर घरात एवढ्या बाया येऊन गेल्या होत्या का कोणी कुठं काय ठेवलं, कोणाले इचारू?

आरशापुढं बसूनबी करून पाह्यलं. हाड हालते. आधी हालत होतं तसंच हालते. पण आरशात मी जबड्याकडंच पाह्यतो, अन् जबड्याकडं पाह्यलं का तो हालतेच. आरशाच्यानं काही ठरत नाई.

अन् एक गोष्ट आहे जी मले सगळ्यात जास्त सलते. त्या सांजेले तू माह्या जबड्याकडं पाहून नव्हती राहिली. माह्या डोळ्यात पाहून राहिली होती. चमचा वाकून झाला तरी तू डोळ्यातच होती. मले तेव्हा नवल वाटलं, आता राग येते. मंग तुनं खोटंबी सांगतलं नाई अन् मलेबी काही जमलं नाई. तू हाडाकडं पाह्यलंच नाई. अन् असं डोळ्यात पाह्याचं होतं तं आधी पाह्याचं होतं, एवढी वर्षं काय खाप्याची बस पकडाची होती? अन् तुले समजत होतं तं मले सांगाले काय झालं? मी शेंगा ठेवून तुह्याजवळ बसलो असतो. किडक्या दाण्यावरून भांडत बसलो आपण.

सलीमभाई तेरवीले कामठीहून आले. त्यायचे हात आता चहाचा कपबी धरू देत नाईत, बशी वाजत होती. मी त्यायले कोपऱ्यात नेऊन सगळं सांगतलं अन् इचारलं, तुम्हाले काय वाटते? त्यायनं कपबशी खाली ठेवली. मंग म्हणाले, "चचा, जादूगर को तारीफ मिले तो पूछते नहीं, सच्ची है क्या."

मी म्हटलं, "मी जादूगर नाई. मी तिचा नवरा आहे."

त्यायनं माहा हात हातात घेतला अन् तो हात त्यायच्यासोबतच कापत राह्यला.

शेठबी आला होता. हार आणला, फोटोले घातला, काकू देवमाणूस होत्या म्हणला. तुले त्यानं दोनदा पाह्यलं असन. जेवला. हात धुता धुता म्हणला, "काका, रविवारी येता ना? लोक इचारून राहिले." मी गेलो. घरात बसून काय करू, घर तं खाते. टेबलावर उभा राह्यलो, चमच्याले दटावलं, लोक हसले. चमचा लवला. टाळ्या पडल्या. मी एकेकाच्या तोंडाकडं पाह्यलं, सगळे कसे खुश, तोंडं उघडी. पुऱ्या हाटेलात एक माणूस नव्हता जो म्हणन, म्हाताऱ्या, तुहं हाड हालून राहिलं. मले वाटलं, हातातला चमचा फेकावा अन् चालतं व्हावं. पण त्या टेबलाची भाजी यायची होती, म्हून अजून एक वाकवला.

आता त्या सकाळचं सांगतो. तू तिथंच होती, तरी तुले माहीत नाई.

मी शोभाले हाक मारली. तिनं तुह्या नाकापुढं हात धरला अन् मले म्हणली, काका, बसा. मंग तिनंच दिलीपले फोन केला, खाप्याले फोन केला. गल्लीतल्या बाया आल्या. त्यायनं तुले खाली घेतलं. मी भिंतीले टेकून बसलो होतो अन् मले कोणी काही इचारत नव्हतं, मेल्यावर घर बायायचं होऊन जाते.

दहा वाजता खाप्याहून सरूताई आली. तुही मोठी बहीण. तुमच्या मायच्या शेवटच्या दुखण्यापासून तुमचं दोघींचं बोलणं बंद होतं. सरूताईनं मायले आपल्या घरी ठेवून घेतलं नाई, हे तू धरून बसली होती. किती खेपा तिनं शोभाच्या फोनवर फोन केला, तू हातानं नाई म्हून खूण करत होती. मी तुले कधी बोललो नाई, कारण माह्या मतेबी तिची चूक होती. अजूनबी आहे.

ती दारात चप्पल काढून आली अन् तुह्याजवळ गेलीच नाई. उंबऱ्याच्या आत उभी राह्यली, जशी काही तू उठून तिले हाकलशीन. बाया तिले म्हणत होत्या, ये ना बाई, तोंड पाहून घे. ती हालेना. मंग माह्याजवळ येऊन खाली बसली.

"भाऊजी, माहं नाव घेतलं का हो तिनं? शेवटी काही बोलली का?"

तुनं नाव घेतलं नव्हतं. तू किडक्या दाण्यावरून बोलली, चहात साखर कमी म्हणली, अन् ते एक बोलली. बाकी काही नाई.

मी सरूताईच्या तोंडाकडं पाह्यलं. सरळ, डोळ्यात. म्हटलं, "घेतलं. शेंगा सोलता सोलता म्हणली, पायाची सूज उतरली का खाप्याले जाऊन येऊ. ताईशी बोलाचं राह्यलं."

"खरंच म्हणली?"

"मी कधी खोटं बोललो का?"

"नाई बाप्पा," ती म्हणली. "तुम्ही कधीच नाई."

माहं हाड हाललं असन तं मले माहीत नाई. ती तिथं पाह्यणारी नव्हती. ती उठली, तुह्याजवळ गेली, तुहं डोकं आपल्या मांडीवर घेतलं अन् अशी रडली का गल्लीतले माणसं दारापाशी आले. मी तिच्यासाठी पाणी आणाले आत गेलो, अन् भरलेला गिलास हातात धरून तिथंच उभा राह्यलो.